घरचं पुस्तक छापताय? मॅपलिथो, क्रीमवोव्ह, नॅचरल शेड की हातकागद

आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत दोन गोष्टी शेजारी शेजारी पडून होत्या. एक शेताचं मोडी खत, हातकागदावर बोरूनं लिहिलेलं, शंभराहून अधिक वर्षांचं. दुसरा माझ्या आत्याचा कवितासंग्रह, १९७८ साली स्वखर्चानं छापलेला. खत उलगडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली, काहीही झालं नाही. कवितासंग्रहाचं पान उलटलं आणि कोपरा पापडासारखा तुटून हातात आला. आत्यानं त्या पुस्तकासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या. आज आमच्याकडे त्याची एकच प्रत उरली आहे आणि ती उघडायचा धीर होत नाही.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी घरचं पुस्तक काढायला निघालं की मी आधी कागदाबद्दल विचारते. वडिलांचं आत्मचरित्र असो, कुलवृत्तांत असो, आजीच्या जात्यावरच्या ओव्या असोत, अनुभव सारखाच येतो. मजकुरावर लोक दोन-दोन वर्षं खपतात, मुखपृष्ठावरून घरात वाद होतात, मुद्रितं तीनदा तपासली जातात. कोटेशनमधल्या कागदाच्या रकान्यात मात्र मुद्रक सांगेल तो शब्द लिहिला जातो. हा लेख त्या एका रकान्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. तुमचं पुस्तक नातवंडांच्या हाती पडावं असं वाटत असेल, तर लाकडाच्या किंवा बांबूच्या ताज्या रासायनिक लगद्याचा मॅपलिथो घ्या, ७० किंवा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). बाकीच्या कागदांना आपापली जागा आहे आणि ती पुढे सांगतेच. पण कोणताही कागद निवडण्याआधी तो कशाचा आणि कसा बनतो हे समजलं पाहिजे, कारण दुकानातली नावं फसवी आहेत.

लगदा एकच नसतो

लाकडात ढोबळमानानं निम्मं सेल्युलोज असतं. तेच कागदाचे तंतू. उरलेल्यात हेमिसेल्युलोज असतं आणि साधारण पाव हिस्सा लिग्निन. लिग्निन हा लाकडातला चिकटा. त्याच्यामुळे झाड ताठ उभं राहतं. कागदात मात्र हाच लिग्निन घातक. ऊन, हवा लागली की तो पिवळा-तपकिरी पडतो.

लाकडाचा लगदा दोन मुख्य रीतींनी होतो. पहिली रीत यांत्रिक: ओंडका दगडावर घासायचा किंवा चकत्यांमध्ये भरडायचा. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिश केलर आणि कॅनडात चार्ल्स फेनर्टी या दोघांनी स्वतंत्रपणे ही रीत शोधली. त्याआधी कागद मुख्यतः चिंध्यांचा होत असे आणि चिंध्या पुरत नसत. भरडलेल्या लाकडाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग कागदात उतरतो, म्हणून हा लगदा स्वस्त. पण सगळा लिग्निनही त्यात तसाच येतो. वर्तमानपत्राचा कागद असा बनतो.

दुसरी रीत रासायनिक. लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात, दाबाखाली, साधारण १६०-१७० अंशांवर शिजवायच्या. लिग्निन विरघळून निघून जातो, तंतू अखंड राहतात. कार्ल डाल यानं १८७९ मध्ये बसवलेल्या या प्रक्रियेला क्राफ्ट म्हणतात. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे बळ. वाण्याकडची तपकिरी पिशवी याच लगद्याची, फक्त विरंजन (ब्लीच) न केलेल्या. तोच विरंजन करून पांढरा केला की छपाईचा चांगला कागद. लाकडाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपासच लगदा हाती लागतो, म्हणून तो महाग.

इथं एका शब्दाबद्दल सावध करते. कागदाच्या नमुन्यावर ‘वुडफ्री’ असं लिहिलेलं दिसलं की लोकांना वाटतं, हा झाड न तोडता केलेला कागद. तसं मुळीच नाही. वुडफ्री म्हणजे भरडलेलं लाकूड नसलेला. तो बहुतेक वेळा लाकडाच्याच रासायनिक लगद्याचा असतो. एका शिक्षकांनी पर्यावरणावरच्या पुस्तकात ‘हे पुस्तक एकही झाड न तोडता छापले आहे’ असं छापायचं ठरवलं होतं, केवळ त्या शब्दावर विसंबून. शेवटच्या मुद्रितात ते वाक्य काढलं.

दुसरा घातक भाग लगद्यात नसून खळीत असतो. कागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला खळ द्यावी लागते. १८०७ साली मोरित्झ इलिग यानं राळ आणि तुरटीच्या वर्गातलं रसायन वापरायची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची दीडशे वर्षं जगभर तीच चालली. ती स्वस्त होती, पण कागद आम्लधर्मी करत होती. आम्ल हळूहळू सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं आणि कागद ठिसूळ होतो. अमेरिकेत विल्यम बॅरो यानं १९०० ते १९४९ या काळातल्या ५०० पुस्तकांच्या पानांना घड्या घालून, फाडून चाचण्या केल्या आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: त्यातली ९७ टक्के पुस्तकं पन्नास वर्षांहून जास्त काळ धडपणे वापरता येणार नाहीत. आत्याच्या कविता अशाच कागदावर गेल्या. आता मोठ्या गिरण्यांनी बहुतांशी अल्कधर्मी खळ स्वीकारली आहे. तिच्याबरोबर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, भरण म्हणून वापरता येतो आणि तो आम्लाला परस्पर मारतो. म्हणून आजचा चांगला कागद १९७८ च्या कागदाहून खरोखर चांगला आहे. फक्त तो मागून घ्यावा लागतो.

मॅपलिथो आणि क्रीमवोव्ह

घरच्या पुस्तकासाठी खरी निवड बहुतेक वेळा या दोघांतच असते.

मॅपलिथो हे नाव नकाशे शिळाप्रेसवर छापण्याच्या कागदावरून आलं. त्याच्या पृष्ठभागावर वेगळी खळ दिलेली असते, त्यामुळे अक्षर कडक उठतं, ऑफसेट यंत्राच्या ब्लँकेटवर, म्हणजे शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी पटलावर, धूळ बसत नाही, बारीक टाइपातली जोडाक्षरं भरून जात नाहीत. मराठीत हा मुद्दा इंग्रजीपेक्षा महत्त्वाचा आहे. ‘ष्ट्य’, ‘द्ध’, ‘ह्म’ अशा अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा इवलीशी असते. कागद शाई पिणारा असला की ती बुजते. संस्कृत उद्धरणं किंवा तळटीपा असलेल्या पुस्तकात हा फरक पहिल्याच पानावर दिसतो.

क्रीमवोव्हवर पृष्ठभागाची खळ सहसा नसते. तो बहुधा शेतीचे अवशेष आणि रद्दी यांच्या मिश्र लगद्याचा असतो आणि लहान गिरण्यांत जास्त बनतो. रंग किंचित मळकट पांढरा. वह्या, पावतीपुस्तकं, गाइडं, स्वस्त आवृत्त्या यांच्यासाठी तो अगदी योग्य. हाताला थोडा मऊ लागतो, शाई जरा आत ओढतो. वाचायला वाईट नाही, उलट चमक नसल्यामुळे काहींना तोच बरा वाटतो. माझी त्याबद्दलची अडचण एकच: तो एकसारखा मिळत नाही. एका लॉटचा रंग आणि दुसऱ्या लॉटचा रंग जुळत नाही, आणि त्यात कोणता लगदा किती हे विचारलं तर विक्रेत्यालाही सांगता येत नाही. खळही अजून पुष्कळदा जुन्या पद्धतीची असते. दहा वर्षांसाठीच्या पुस्तकाला हे चालतं. कुलवृत्तांताला नाही.

आता पैशांचं. ‘मॅपलिथो परवडणार नाही’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करून दाखवला आहे. डेमी आकाराचं (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) १६० पानी पुस्तक धरा. २३ बाय ३६ इंचाच्या एका तावात ३२ पानं बसतात, म्हणजे एका प्रतीला ५ ताव. ५०० प्रतींना २,५०० ताव, म्हणजे ५ रीम. ७० जीएसएमच्या या आकाराच्या रिमाचं वजन १८.७ किलो भरतं. पाच रीम म्हणजे साडेत्र्याण्णव किलो, वाया जाणारा धरून शंभर किलो. कागद किलोवर विकला जातो. दोन कागदांच्या भावात किलोमागे २० रुपयांचा फरक धरला तरी सगळ्या आवृत्तीत फरक पडतो २,००० रुपयांचा. प्रतीमागे ४ रुपये. चाररंगी मुखपृष्ठ, लॅमिनेशन, प्रकाशन समारंभाचा हॉल आणि चहा-फराळ यांच्या शेजारी हा आकडा लिहून बघा.

हजारो प्रतींची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्यासाठी गणित वेगळं. तिथं चार रुपयांवर धंदा उभा राहतो किंवा बसतो, म्हणून तो क्रीमवोव्ह घेतो आणि त्याचं बरोबर आहे. घरच्या पुस्तकाला त्याचा हिशेब लावू नये एवढंच माझं म्हणणं.

मॅपलिथो घ्यायचा ठरला तर जीएसएम किती? ६० मध्ये मागचं अक्षर पुढे दिसतं; जाड टाइप किंवा चित्रं असली तर फारच. ७० बहुतेक मजकुराला पुरतो. पान-दीड पान भरणारी छायाचित्रं कृष्णधवल छापायची असतील, किंवा पुस्तक जेमतेम ८०-९० पानांचं असून कण्यावर नाव येण्याइतकी जाडी हवी असेल, तर ८०. त्यापुढे जाऊ नका. जाड कागदाचं पुस्तक उघडं राहत नाही, म्हातारी माणसं ते धरून वाचू शकत नाहीत.

नॅचरल शेड, आणि दिसण्याचा मोह

अलीकडे बहुतेक लेखक इंग्रजी कादंबरी पुढे ठेवतात आणि म्हणतात, असा कागद हवा. पिवळसर, फुगीर, वजनाला हलका. डोळ्यांना तो सुखावतो हे खरं आहे. फक्त शंभर पानांचं पुस्तकही त्यावर भरदार दिसतं, हेही त्याचं आकर्षण.

अडचण अशी, की ‘नॅचरल शेड’ हे रंगाचं नाव आहे, लगद्याचं नाही. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे कागद विकले जातात. एक म्हणजे रासायनिक लगद्याचा मॅपलिथोच, फक्त चकचकीत पांढरा न करता पिवळसर छटेत काढलेला. दुसरा म्हणजे बल्की कागद, ज्याला फुगीरपणा यावा म्हणून यांत्रिक लगदा मिसळलेला असतो. विमानतळावर घेऊन प्रवासात वाचून संपवायच्या कादंबरीला दुसरा ठीक आहे. चार-पाच वर्षांत त्याच्या कडा तपकिरी पडू लागतात, आणि आधीच पिवळसर असल्यामुळे सुरुवातीला ते कळतही नाही. पहिला मात्र माझ्या सगळ्यांत आवडत्या कागदांपैकी आहे. वडीलधाऱ्यांनी वाचायच्या पुस्तकाला मी पांढऱ्याशुभ्र मॅपलिथोऐवजी हाच सुचवते. पांढऱ्याची ती निळसर झाक कागद जास्त पांढरा भासवणाऱ्या रसायनांमुळे येते. ही रसायनं अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात आणि काही वर्षांत त्यांचा जोर ओसरतो. पांढरेपणासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

तेव्हा विक्रेत्याला विचारायचं: नॅचरल शेडमध्ये मॅपलिथो आहे की बल्की? त्याला हा प्रश्न कळतो. अप्पा बळवंत चौकात असं विचारल्यावर एका दुकानदारांनी दोन्ही नमुने पुढे टाकून स्वतःच फरक समजावून दिला होता.

न्यूजप्रिंटचं फार बोलायला नको. तो वर्तमानपत्रासाठी आहे. भारतातली न्यूजप्रिंटची पहिली गिरणी आपल्या खानदेशाच्या सीमेलगत, बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला १९५० च्या दशकात सुरू झाली, ती सालई आणि बांबूवर. या कागदावर कितीतरी दिवाळी अंक आणि स्मरणिका निघाल्या आणि आज ग्रंथालयांत त्यांचा भुगा होतो आहे. पुस्तकासाठी घेऊ नका.

झाडांचा प्रश्न

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, त्यामुळे त्याचं उत्तरही मनापासून द्यायला हवं. लाकडाचा कागद वापरला म्हणजे जंगल तोडलं का?

आपल्याकडे गिरण्यांना लागणारं लाकूड मुख्यतः नीलगिरी, सुबाभूळ आणि सुरू यांचं असतं, आणि ते बरंचसं शेतकऱ्यांच्या बांधावरून आणि पडीक रानातून येतं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं उद्योगांना आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून उभा करायला सांगितलं, त्याचा हा परिणाम. यातली सुबाभूळ तर आपल्याशी नातं असलेली: मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेनं १९७० च्या दशकात तिचा चारा आणि सरपणासाठी प्रसार केला. पुढे आंध्रच्या शेतकऱ्यांनी तिला गिरणीचं पीक केलं. तीन-चार वर्षांत तोडायला येते, बुंध्यातून पुन्हा फुटते.

बांबूची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरला १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची गिरणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूवर वाढली. त्या जंगलात राहणाऱ्या गोंड गावांना मात्र स्वतःचा बांबू विकायचा हक्क नव्हता, कारण कायदा बांबूला झाड मानत होता. बांबू म्हणजे गवत. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं त्यासाठी झगडून २०११ मध्ये बांबू विकण्याचे वाहतूक परवाने स्वतःच्या हातात मिळवले, आणि २०१७ मध्ये कायद्यातूनही वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला. कागदाच्या दृष्टीनं बांबू उत्तम: त्याचा तंतू अडीच मिलिमीटरच्या आसपास लांब, तर नीलगिरीचा एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. तंतू जितका लांब तितकं पान घड्या सोसतं. बांबूचं प्रमाण चांगलं असलेला कागद मिळाला तर मी तो आधी उचलते.

उसाच्या चिपाडाचा कागद पर्यावरणाचं नाव घेऊन सुचवला जातो. तमिळनाडूत करूरजवळची सरकारी गिरणी १९८० च्या दशकापासून चिपाडावर उत्तम छपाईचा कागद काढते आहे, तेव्हा चिपाड म्हणजे हलका माल असं समजू नये. नीट शिजवलेला, भुसा काढून टाकलेला, विरंजन केलेला चिपाडाचा लगदा लिग्निनमुक्तच असतो. आपल्याकडे इतके साखर कारखाने असूनही बहुतेक चिपाड बॉयलरमध्ये जातं, आधी रस आटवायला आणि आता वीज विकायला. मोठ्या गिरणीचा, खात्रीचा चिपाडाचा मॅपलिथो मिळत असेल तर तो लाकडाच्या मॅपलिथोच्या बरोबरीनं घ्यायला माझी हरकत नाही. पान थोडं कडक लागतं, खडखडतं. वाचताना त्याचा त्रास होत नाही.

रीसायकल्डबद्दल मात्र मी सावध आहे. तंतू प्रत्येक फेरीत तुटतो, कोरडा पडतो, त्याची पकड कमी होते. पाच-सात फेऱ्यांनंतर तो कागदाच्या कामाचा राहत नाही. शिवाय रद्दीत वर्तमानपत्रं असतील तर लिग्निनही परत आला. खोकी, पुठ्ठे, वह्या, पत्रकं, स्मरणिका यांना रीसायकल्ड वापरणं हे मी कर्तव्य मानते. शंभर वर्षं ठेवायच्या वस्तूला तो वापरणं म्हणजे झाडही वाचलं नाही आणि पुस्तकही गेलं, कारण वीस वर्षांनी कुणीतरी ते पुन्हा छापणार. झाडांची काळजी असेल तर प्रती मोजून छापा. माळ्यावर न विकल्या गेलेल्या साडेतीनशे प्रतींचे गठ्ठे मी कितीतरी घरांत पाहिले आहेत.

हातकागद

पेटीतलं ते मोडी खत ज्या कागदावर होतं, तो कागद करणारी कागदी मंडळी जुन्नरला होती, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होती, पुण्याच्या कसब्यात त्यांची कागदीपुरा ही वस्ती होती. चिंध्या, ताग-अंबाडीची जुनी गोणपाटं आणि दोर कुटून तो बनायचा. लाकूड नाही, म्हणून लिग्निन कमी, राळ-तुरटीचं आम्ल नाही, तंतू लांब. पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही वाचता येतात त्यामागे हे कारण आहे.

आज पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, आणि कापडाच्या कतरणीपासून बनलेला हातकागद इतरत्रही मिळतो. टिकण्यात तो सगळ्यांच्या पुढे. पण आख्खं पुस्तक त्यावर काढू नका. जाडी एकसारखी नसते, ऑफसेट यंत्रात तंतू सुटून ब्लँकेट खराब होतं, मुद्रक कटकट करतो आणि त्याची कटकट खरी असते. खर्चही कित्येक पट. हातकागद मुखपृष्ठाला घ्या, किंवा पुठ्ठाबांधणीच्या आतल्या अस्तराच्या पानांना. आजीच्या हस्ताक्षराची एक प्रतिमा वेगळ्या हातकागदाच्या पानावर छापून आत चिकटवलेलं ओव्यांचं एक पुस्तक माझ्याकडे आहे. त्या एका पानानं सगळ्या पुस्तकाला अंग आलं आहे.

छायाचित्रांसाठी आर्टपेपर असतो. त्यावर खनिजाचा लेप असल्यामुळे रंग छान उठतात. सगळे फोटो एका फर्म्यात, म्हणजे एका तावाला घड्या घालून होणाऱ्या पानांच्या संचात, एकत्र करून मध्ये टाकावेत, मजकुराच्या पानांना आर्टपेपर वापरू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात त्यावर पाणी पडलं तर पानं एकमेकांना अशी चिकटतात की सुटतच नाहीत. मॅट प्रकार घेतला तर दिव्याखाली चमकही टळते.

कोणत्या पुस्तकाला काय

कुलवृत्तांत, गावाचा इतिहास, आत्मचरित्र, ओव्या, जुन्या पत्रांचं संकलन, म्हणजे जी माहिती दुसरीकडे कुठेही नाही: नॅचरल शेडचा किंवा साधा मॅपलिथो, ७० किंवा ८०, आणि शिलाईची बांधणी. नुसत्या गोंदाच्या बांधणीचा कणा सुकला की चांगल्या कागदाचंही सुटं पान होतं. इथं मी तडजोड करत नाही.

कवितासंग्रह: पानं कमी, मोकळी जागा जास्त, म्हणून कागद सगळा उघडा दिसतो. ८० चा नॅचरल शेड मॅपलिथो. आत्याच्या कविता पुन्हा छापल्या तर यावरच छापीन.

स्मरणिका: जाहिरातींची पानं, सहा महिन्यांचं आयुष्य. रीसायकल्ड किंवा क्रीमवोव्ह खुशाल. फक्त संस्थेचा इतिहास असलेला एक फर्मा तेवढा मॅपलिथोवर घ्या, म्हणजे पन्नास वर्षांनी शताब्दीचा अंक काढणाऱ्यांना काही हाती लागेल.

मुलांसाठीचं गोष्टींचं किंवा पाककृतींचं पुस्तक, जे वापरूनच फाटणार आहे: क्रीमवोव्ह पुरे. चौथ्या आवृत्तीचा विचार करा, चारशे वर्षांचा नको.

ताव हातात घेऊन

नमुन्याचा ताव मागून घरी आणा. अर्ध्या तुकड्यावर जाड पुठ्ठा ठेवून तो एप्रिलच्या उन्हात गच्चीवर आठवडाभर ठेवा आणि शेजारी वर्तमानपत्राचा तुकडाही ठेवा. वर्तमानपत्र पिवळं पडेल. तुमच्या नमुन्यावर पुठ्ठ्याची रेघ तशीच पिवळी-तपकिरी उमटली तर त्यात यांत्रिक लगदा आहे. पांढऱ्या कागदाची नुसती निळसर झाक गेली तर घाबरायचं कारण नाही. ओळखीचं कुणी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असेल तर फ्लोरोग्लुसिनॉलच्या आम्लयुक्त द्रावणाचा एक थेंब टाकून घ्या. लिग्निन असेल तिथं गुलाबी-लाल डाग पडतो.

दुसरी तपासणी धारेची. यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू एका दिशेला झुकलेले असतात. चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला केला की तो नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, ती धार. पुस्तकात ही धार कण्याला समांतर हवी. आडवी असेल तर पानं लाटांसारखी होतात, पुस्तक उघडं राहत नाही, आणि पावसाळ्यात कणा ताणला जातो. हे मुद्रकाला छपाईआधी सांगायचं. नंतर काहीही करता येत नाही. एका आत्मचरित्रात आमच्याकडून हे सांगायचं राहिलं आणि तीनशे प्रतींची पानं आजही धनुष्यासारखी वाकलेली आहेत.

कागद कितीही चांगला असला तरी दमट कपाटात कसर लागतेच. तिला खळीतला स्टार्च आवडतो. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आसपास, बाहेर काढून झटका.

कोटेशन मागताना

‘चांगला कागद’ असं लिहू नका. असं लिहा: मॅपलिथो, अमुक जीएसएम, गिरणीचं नाव, ताजा रासायनिक लगदा, अल्कधर्मी खळ, धार कण्याला समांतर, सगळी आवृत्ती एकाच लॉटमधून. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात कागदाचा पीएच ७.५ ते १० आणि किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कसाठा अपेक्षित असतो. गिरणीच्या माहितीपत्रकात हे मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं तरी तुम्ही विचारलंत म्हणून मुद्रक मागाहून दुसरा कागद घालत नाही, एवढा फायदा होतोच. शक्य असेल तर कागद स्वतः विकत घेऊन मुद्रकाकडे पोचवा आणि रिमावरचं वेष्टण तिथंच फोडायला सांगा.

बजेट खरंच आखूड असेल तर एक मार्ग आहे, तो मी दोनदा वापरला आहे. त्याच प्लेटवर, त्याच दिवशी, साडेचारशे प्रती क्रीमवोव्हवर काढायच्या आणि पन्नास प्रती उत्तम मॅपलिथोवर. त्या पन्नासांना शिलाई आणि पुठ्ठाबांधणी. कायद्यानं प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. १९५४ पासूनचा हा नियम स्वतः प्रकाशक झालेल्या माणसालाही लागू आहे आणि घरच्या पुस्तकांच्या बाबतीत तो हमखास विसरला जातो. या चार प्रती, तालुक्याच्या वाचनालयाची एक, जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची एक, घरातल्या प्रत्येक शाखेला एक, असं करत पन्नास सहज संपतात. पुढे कुणाला हवं झालं तर ते याच प्रतींपाशी येईल.